नुसतं बसायला

अंजनवेलच्या गोपाळगडावर पोचले तोवर मला किल्ल्यांचा उबग आला होता. सरळ सांगते. तट बघितला, बुरूज बघितला, खाडीचं मुख बघितलं. सगळं सुंदरच होतं म्हणा. पण आत एका आंब्याखाली पाठीवरची पिशवी उतरवून टेकले आणि मग उठावंसंच वाटेना. महिना उलटून गेला होता, मी अलिबागेपासून समुद्राच्या कडेकडेने खाली येत होते. कधी एसटी, कधी फेरीबोट, कधी रिक्षा आणि जिथं काहीच मिळत नाही तिथं आपले पाय. पन्नाशी उलटलेल्या बाईने एकटीने पाठीला पिशवी लावून भटकायचं, हे आमच्या अकोल्यात कुणालाच पटलं नव्हतं. थोरली बहीण म्हणाली होती, "बघ, आठ दिवसांत परत येशील." त्यामुळे परत फिरायची तर सोयच नव्हती. आणि पुढे काही बघायची ताकद नव्हती. देऊळ, किल्ला, दीपगृह, किनारा, सूर्यास्त, की पुन्हा देऊळ. कुठला किल्ला कुठल्या गावचा, तेही डोक्यात राहीना.

मग ठरवलं, आता काही म्हणजे काही बघायचं नाही. कुठंतरी जाऊन पडायचं.

तवसाळहून फेरीबोटीने जयगडला निघाले. बोटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी लगेच सुरू केलं, किल्ला बघा, दीपगृह बघा, अमकं देऊळ तर बघाच बघा. मी म्हटलं, "काका, मला फक्त झोपायला जागा सांगा." ते जरा दुखावले, पण भले माणूस होते. धक्क्यावर उतरल्यावर स्वतः रिक्षात बसवून दिलं आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "वहिनीकडे सोड."

वहिनी म्हणजे साठीच्या आसपासची एक विधवा बाई. साऱ्या वाडीची ती वहिनी, मग माझीही झाली. मी तिची ताई. रस्त्यापासून दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून गेलं की तिचं चिऱ्याचं घर. बाजूची एक खोली ती पाहुण्यांना द्यायची. पुढे खळं, म्हणजे सारवलेलं अंगण, खळ्याच्या कडेला पोफळी, त्याखाली खाडी आणि खाडीच्या तोंडाशी बंदराच्या उंच क्रेन. पडवीत लाकडी झोपाळा होता. मी पिशवी खोलीत टाकली, येऊन झोपाळ्यावर बसले आणि पुढचे काही दिवस त्यावरून फारशी हलले नाही.

काय सुख होतं ते. सकाळी घावन आणि चहा, दुपारी कुळथाची पिठी आणि भात, कधी तळलेला मासा. मग झोप. मग पुन्हा चहा. शिमगा तोंडावर आला होता, ऊन चढलं होतं, आंब्याला बारक्या कैऱ्या धरल्या होत्या. मी खाडीकडे बघत बसायचे, म्हणजे डोळे तिकडे असायचे इतकंच. वहिनी ये-जा करत असायची. विहिरीवरून पाणी, गोठ्यातली म्हैस, बागेत पडलेल्या सुपाऱ्या, माझं जेवण, मग माझी भांडी. मी भांडी घासायला उठले की म्हणायची, "बसा वो ताई. तुमी बसायला आलाव ना?" एकदोनदा मी हट्ट केला, मग सोडून दिला. खोटं कशाला बोलू, मला उठायचं नव्हतंच.

एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तिने सांगितलं. मुलगा डोंबिवलीला असतो. तो आणि सून दोघं नोकरीला. तो म्हणतो, आई, आता इकडेच ये. थोरले दीर शेजारच्याच घरात राहतात. ते म्हणतात, घराला कुलूप लागता कामा नये, देवापुढे दिवा लागला पाहिजे, शिमग्याला पालखी दारात आली तर ओवाळायला बाईमाणूस नको? गेलं वर्षभर हेच चाललं होतं. शेवटी भावकीत ठरलं की ग्रामदेवीला कौल लावायचा. देवी सांगेल ते दोघांनी मानायचं.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"देवी देईल तो कौल," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

बस्स. मला जे समजायचं ते मी समजले. बाईला इथून हलायचं नाही आणि मुलगा बोलावतोय म्हणून बिचारी तोंड उघडत नाही. उघडच होतं की. ही खाडी, ही पडवी, हा वारा सोडून डोंबिवलीतल्या कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर कोण जाईल? मुलाचं आणि सुनेचं घर सांभाळायला फुकटची बाई हवी, दुसरं काय. मला त्या न बघितलेल्या मुलाचा असा राग आला की सांगता सोय नाही. मी मनातल्या मनात त्याला दोनचार गोष्टी सुनावल्यासुद्धा.

कौलाच्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या दाराशी आली. "ताई, देवळात येताव?"

"वहिनी, मी देऊळ बघणार नाही असं ठरवलंय."

"बघायचं नाय काय. नुसतं बसायचं हाय. माझ्या बाजूचं असं कोण नाय."

तिच्या बाजूचं कोणी नाही म्हटल्यावर मी लगेच चपला घातल्या.

देऊळ वाडीच्या वरच्या अंगाला होतं, सड्याला, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळाला लागून. कौलारू छप्पर, खाली गार फरशी, आत काळ्या दगडाची देवी. थोरले दीर आधीच येऊन बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर हात, चेहरा गंभीर. भावकीतले आणखी काहीजण होते. आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी सकाळी लाईट जायची आणि दुपारी यायची. नेमका तोच दिवस होता, त्यामुळे आत चांगलंच उकडत होतं. देवीच्या उजव्या हाताला खांबावर एक पंखा ठोकलेला होता, तो गप्प होता. मी पदराने वारा घेत बसले.

गुरवाने तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या. एक देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, एक डाव्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं. या लेकरानं तुझ्या पायाशी विचारणा केली आहे. मुंबईकडे मुलाजवळ जाणं तुझ्या मनात असेल तर उजवा कौल दे. इथंच राहणं असेल तर डावा दे. काय असेल ते स्पष्ट कर. जी पाकळी आधी खाली पडेल तो कौल.

आणि मग सगळे बसून राहिले.

मला वाटलं होतं, पाच-दहा मिनिटांचा मामला असेल. कसलं काय. ऊन दारातून आत आलं, सरकत पहिल्या खांबाला टेकलं, तरी पाकळ्या जागच्या जागी. कोणी उठून तंबाखू मळून आलं. कोणी हळू आवाजात हापूसच्या भावाचं बोललं. थोरले दीर डोळे मिटून होते. देवी बोलत नसली की कधीकधी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं, असं शेजारच्या बाईने मला सांगितलं. वहिनी माझ्याजवळ ताठ बसली होती, एकटक त्या पाकळ्यांकडे बघत. मीही बघत होते. माझा देवावर फार विश्वास आहे अशातला भाग नाही, पण त्या डाव्या पाकळीला मी मनापासून विनवत होते, पड गं बाई, पड. हिला इथंच राहू दे.

आणि लाईट आली.

खांबावरचा पंखा घरघरला. पाती फिरली, अंगावर वाऱ्याची झुळूक आली, सगळ्यांनाच बरं वाटलं. आणि उजव्या खांद्यावरची पाकळी थरथरली, सुटली, देवीच्या पायाशी येऊन पडली.

मग गुरव म्हणाला, "उजवा झाला."

माझं डोकं फिरलं. मी म्हणजे कोण, तर चार दिवसांची पाहुणी. मला तिथं बोलायचा काय अधिकार? पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, तेच तर नडतं. मी म्हटलं, "उजवा कसला? पंख्याच्या वाऱ्याने पडली ती. पंखा त्याच बाजूला आहे. हा काही कौल नव्हे. पुन्हा लावा."

थोरल्या दिरांनी डोळे उघडले. "ताई बरोबर बोलताहेत," ते म्हणाले. "पंखा बंद करून पुन्हा लावा. बाहेरच्या माणसाला दिसतं ते आपल्याला दिसू नये?"

दोघंतिघं माना हलवू लागले. बघा, कशी जिरवली मुलाची, असं मला वाटलं. मी मोठ्या अभिमानाने वहिनीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने माझ्याकडे बघितलंच नाही, ती गुरवाकडे बघत होती.

गुरव म्हातारा होता. त्याने वाकून पाकळी उचलली, तळहातावर ठेवली. मग म्हणाला, "लाईट कुणी आणली?"

त्याने सगळ्यांकडे एकवार बघितलं.

"तिच्या मनात नसतं तर आत्ता आली असती काय? मागच्या खेपेला रात्रीपर्यंत नव्हती. आणि वारा लागला म्हणून डावी का नाय सुटली? वारा दोघींना लागला. पडली ती पडली. कौल उजवा."

थोरल्या दिरांनी टोपी काढून देवीला हात जोडले. देवीपुढे शब्द दिलेला होता, विषय संपला. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. माझ्याही हातावर तुकडा आला, तो मी रागानेच चावून खाल्ला.

पाखाडी उतरताना मी वहिनीला म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका. मी माझ्याकडून प्रयत्न केला."

ती थांबली. एका हाताने कडेचा दगडी गडगा धरून उभी राहिली. चिडली नव्हती, पण आवाज कापत होता. "ताई, आज तुमी माझं वाटोळं केलं असतं."

मला काही समजेना.

"मला जायचंय," ती म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासून हिकडंच हाय मी. वरीसभर देवीला सांगते हाय, मला सोडव. भावजी आयकेनात. आन तुमी म्हणताव पुन्हा लावा."

"पण इथं..." मी खाडीकडे हात केला. एवढंच सुचलं मला.

"ती काय बघायची? घरवाले बोटीवर होते. सहा सहा म्हैने पत्ता नसायचा. त्या खाडीकडं बघत मी किती वरसं काढली ते मला ठावं. आता ते नायत, तरी डोळे तिकडंच जातात. मला नको ती."

मग तिथंच, पाखाडीच्या मधल्या पायरीवर, ती हळूच हसली. "पंख्याचं बटण मीच दाबून ठेवलं होतं. सकाळी लाईट गेल्यावर देऊळ झाडायला गेलेले तवा. दिवस पण मीच सांगितला गुरवाला, लाईट जायचा. देवीला सांगून दाबलं हो, चोरून नाय. म्हटलं, लाईट आणायची का नाय ते तू बघ, कुठली पाडायची ते पण तू बघ. मी फक्त बटण दाबते."

मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता माझीच मला लाज वाटली. इतके दिवस मी त्या बाईच्या घरात बसून होते, आणि तिला काय हवंय हे तिच्या तोंडून न ऐकताच ठरवून मोकळी झाले होते.

"डोंबिवलीला काय आहे?" मी विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

तिने जरा विचार केला. "गॅलरी हाय. सुनेनं गॅलरीत खुर्ची आणून ठेवलीय. फोनवर दाखवली मला. म्हणते, आई, तुमी आलाव की हितं बसायचं, मी चहा देईन." ती पुन्हा उतरायला लागली. "देईल न देईल. पण म्हणते तरी."

घरी आलो. उन्हं कलली होती. ती सवयीने चुलीकडे वळली, तशी मी तिचा हात धरला आणि तिला पडवीत आणून झोपाळ्यावर बसवलं. ती बसली, पण काठावर, पाय जमिनीला टेकवून, कुणी हाक मारली तर उठता यावं अशी. झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. तिने विचारलं, "तुमाला चहासाखरेचा डबा गावेल काय?"

"गावेल," मी म्हटलं. "बसा तुम्ही."

डबा शोधायला वेळच लागला. दूध उतू गेलं, चूल विझता विझता राहिली. कप घेऊन बाहेर आले तेव्हा वाटलं होतं, ती उठून गोठ्याकडे गेली असेल. पण ती तिथंच होती. खाडीकडे पाठ करून, पाय वर घेऊन बसली होती. कप हातात घेतला, आणि उठली नाही.