थंडी शिव शिव म्हणेपर्यंत

आज पहाटे दूध घ्यायला माडीचे दार उघडले आणि कठड्यावर हात टेकला, तर लोखंड ओले लागले. रात्री पाऊस झाला नव्हता. तरी गल्लीतल्या प्रत्येक वस्तूवरून ओलाव्याचा एक पातळ हात फिरून गेला होता. समोरच्या मॅन्शनबाहेर, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या खोल्यांच्या इमारतीबाहेर, ओळीने उभ्या असलेल्या सायकलींच्या सीटवर बारीक मणी जमले होते, तारांवरून थेंब ओघळत होते, आणि गल्लीच्या टोकाला देवळाचा तलाव दिसायचा तिथे आज नुसता दुधट पांढरेपणा होता. समुद्राचा खारा वास आणि कुणाच्या तरी घरात भाजल्या जाणाऱ्या कॉफीच्या बियांचा वास त्या धुक्यात अडकून राहिला होता. शिवरात्र होऊन गेली. एव्हाना मद्रासला उन्हाळ्याची चाहूल लागायला हवी; पण यंदा हिवाळ्याचा पाय निघत नाही. मी कठड्यावरचे पाणी बोटाने पुसले, बोटाकडे पाहिले आणि तसाच उभा राहिलो. असेच एक ओले बोट याच कठड्यापाशी माझ्या वडिलांसमोर कुणीतरी धरले होते. त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

ज्यांनी दोन मुलखांतले हिवाळे अंगावर घेतले आहेत, त्यांना हे सांगायला नको की थंडी ही काही एकच वस्तू नव्हे. माझे गाव निफाडच्या बाजूचे. तिथली थंडी कोरडी, चावरी आणि सरळ स्वभावाची. ती येते ती दवंडी पिटून. ओठ फुटतात, टाचा उलतात, विहिरीच्या तोंडातून वाफ निघते आणि माणसे शेकोटीभोवती गुडघे पोटाशी घेऊन बसतात. मद्रासची थंडी चोरपावलांनी येते. ती आली आहे हेच पाहुण्याला पटत नाही. पहिल्या वर्षी कचेरीतली माणसे कानांना मफलर गुंडाळून आलेली पाहिली तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. ते हसू फार टिकले नाही. संध्याकाळी सदऱ्याची बटणे मोकळी टाकून वाळूत बसावे, आणि मनात यावे की या घटकेला वडील खिडक्या लावून, घोंगडी पांघरून, खोकल्याची उबळ दाबत एकटेच बसले असतील. आई गेलेली. मी एकुलता एक. बदली मागण्याची संधी दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा मी ती जाऊ दिली होती. इथली नोकरी बरी होती, लेकीला शाळा बरी मिळाली होती. कारणे सगळी खरी होती, पण खऱ्या कारणांनीही मन धुऊन निघतेच असे नाही. चांगल्या हवेचीसुद्धा शरम वाटू शकते, हे मला या शहराने शिकवले.

अखेर एका वर्षी संक्रांत झाल्यावर मी स्वतः गावी गेलो आणि दादांना घेऊन आलो. आम्ही वडिलांना दादा म्हणत असू. ते यायला तयार झाले, पण अट घालून. "शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. ती गेली की मीही चाललो. द्राक्षं उतरायला मी तिथं पाहिजे." द्राक्षबाग म्हणजे घरामागचा एक तुकडा, पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले भोकरी जातीच्या द्राक्षांचे जुने वेल. पण ते आईने लावलेले. त्यामुळे त्या तुकड्यापुढे माझे काही चालणार नाही हे मला ठाऊक होते. मला त्यांना कायमचे ठेवून घ्यायचे होते, आणि तसे तोंडाने म्हणायचे धाडस नव्हते. शिवरात्रीपर्यंत त्यांना इथे करमले तर करमले. नाहीतर पुन्हा ते बंद घर, तो दमा, आणि शेकडो मैलांवर मी.

आमच्या घरमालकीणबाई खाली राहत. अजूनही राहतात. त्यांचे घराणे तंजावरचे, कित्येक पिढ्या त्या मुलखात रुजलेले. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. त्यांची मराठी ऐकताना मला नेहमी वाटे की कुणीतरी जुनी पैठणी मद्रासी पद्धतीने नेसली आहे. शब्द आजोबा-पणजोबांच्या काळचे, हेल तमिळ, आणि मध्येच एखादा अख्खा तमिळ शब्द, त्यांना स्वतःलाही तो परका न वाटता आलेला. दादा पहाटे समुद्रावर फिरायला निघत, गावच्या सवयीने बोडक्या डोक्याने. दुसऱ्याच दिवशी आक्कांनी त्यांना दारात अडवले.

"दादा, डोई झाकून जावा! पनी पडतें!"

दादांनी वर पाहिले. चांदण्या लखलखत होत्या. "बाई, आभाळात ढगाचा ठिपका नाही."

"आभाळांत कशास पाहतां? पडतेंच तें. तै महिन्यांतलें पनी भुईला भोक पाडतें, मासी महिन्यांतलें माडीला! ऐकतां का?"

तै आणि मासी हे तमिळ महिने; ते दादांना कुठले ठाऊक! परत येऊन ते मला म्हणाले, "बाई भली आहे रे, पण पाण्याला पनी म्हणते. आणि पाणी तर कुठं येत नाही." तरी बाईमाणसाचा शब्द मोडायचा नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीवरची माझी छत्री काढली आणि स्वच्छ चांदण्यात उघडून निघाले. दूधवाला चरवी धरून पाहत राहिला. आक्का मात्र प्रसन्न झाल्या. "आत्तां बरें. पनीला छत्री उत्तम." झाले. हा प्रकार रोज सुरू झाला. दादा छत्री उघडून समुद्रावर जात, कोरडे ठाक परत येत, आणि माझ्या बायकोला हळूच सांगत, "आजही बाईंचा अंदाज चुकला." खाली आक्का बायकोला सांगत, "तुझे सासरे शहाणे हो, एकदां सांगितलें की ऐकतात." दोघेही समाधानी होते आणि दोघेही एकमेकांची थोडी कीव करत होते. माझ्या ध्यानात गोष्ट आली होती, पण ती मोडायला मन होईना.

मग माघात एके दिवशी खरेच पाऊस पडला. मद्रासला तो महिना पावसाचा नव्हे. पण त्या पहाटे कुठूनसे ढग आले आणि तासभर चांगले कोसळले. दादा भिजून परतले, तरी चेहरा एखादा वाद हरून आनंद व्हावा तसा. आक्का माडीवर वाळत घातलेल्या सांडग्यांची ताटे आत घ्यायला वर आल्या होत्या. दादांनी छत्री झटकली आणि मोठ्या मनाने कबूल केले, "आक्का, तुमचं खरं झालं. पडलं बुवा तुमचं पाणी!"

"अय्यो, हें पाणी कुठलें? हा पाऊस!"

"मग इतके दिवस तुम्ही काय म्हणत होता?"

आक्का ताटे घेऊन खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, आभाळ पुन्हा निवळल्यावर, त्यांनी दादांना कठड्यापाशी बोलावले, लोखंडावरून एक बोट ओढले आणि ते ओले बोट त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. "हें पनी."

दादा बोटाकडे पाहत राहिले. "हे? अहो, हे तर दहिवर!"

आक्कांचा हात तसाच वर राहिला. "काय म्हटलें?"

"दहिवर. आम्ही दहिवर म्हणतो."

त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांची आजी हा शब्द म्हणत असे. तंजावरच्या परसात, लहानपणी, अनवाणी गवतात गेल्या की आजी ओरडे, दहिवर आहे, पाय भिजतील. आजीनंतर घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. त्याच्या जागी हळूच तमिळ पनी येऊन बसले, आणि काही हरवले आहे हेही कुणाला कळले नाही. "गेलेली वस्तू कुणी दारांत आणून देतें, तसें झालें," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून वर दादांनाच दटावले, "पण दहिवरांतही डोई झाकायचीच हो!"

त्यानंतर पहाटेची कॉफी झाली की दोघे खालच्या ओसरीवर बसत आणि आपापल्या मुलखांतल्या हवेची देवाणघेवाण करत. थंडीने पन्हाळीतले पाणी थिजते हे आक्कांना काही केल्या पटत नसे. पनी फार पडले तर आंब्याचा मोहर काळा पडून गळतो, हे ऐकून दादा गंभीर झाले. मी वरून ते बोलणे ऐके, आणि मनात दिवस मोजी. शिवरात्र जवळ येत होती.

ती आली. तिकीट काढलेले होते. दादांनी ट्रंक भरून ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रामेश्वरला निघालेले आमच्या गावचे एक गृहस्थ वाटेत आम्हाला भेटायला आले. पाणी पिऊन झाल्यावर ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"काय सांगू, दादा. मागच्या आठवड्यात असं हिव पडलं की कुणाच्या आठवणीत नाही. द्राक्षांचे मणी तडकले, पानं काळी पडली. तुमच्या पुतण्यानं रात्रभर पाचोळा पेटवून धूर केला, पण काही उपयोग झाला नाही. यंदा उतरवायला काही राहिलं नाही तुमच्याकडं."

"वेल?"

"वेल आहेत. चैत्रात छाटले की फुटतील. पण आत्ता तिकडं येऊन काय कराल? थंडी अजून हटलेली नाही. शिव शिव म्हणायचं विसरली यंदा!"

आक्का जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी खालूनच विचारले, "तुमच्याकडेही असेंच म्हणतात? आमची लोकंही म्हणतात, शिवरात्रीस पनी शिव शिव म्हणत जातें." मग त्या वर आल्या, ट्रंकेकडे पाहिले आणि दादांना म्हणाल्या, "तिकडे म्हटलें का तिनें शिव शिव? नाहीं. इथें म्हटलें का? सकाळीं कठडा पाहिला मी, थबथबलेला होता. मग तुम्ही निघालां कुठें? थंडी गेली कीं निघणार, ही तुमच्याच तोंडची अट ना? ट्रंक उघडा."

दादा उठून गच्चीत गेले. पाठमोरे, मान खाली घातलेले, ते बराच वेळ उभे होते. मला दिसत होते की ते आईच्या हातच्या वेलांपाशी आहेत. आणि त्याच क्षणी माझ्या मनात काय आले, ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. मला आनंद झाला. बाग करपली होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची वर्षाची मेहनत काळी पडली होती, आणि वडील राहणार म्हणून मला आनंद झाला होता. मग ते आत आले आणि बायकोला म्हणाले, "सूनबाई, पाडव्यापर्यंत माझा तांदूळ टाका."

तो जादा महिना आमच्या घरातला सर्वांत चांगला महिना. दादा तलावाच्या पायऱ्यांवर बसून लेकीला पाढे म्हणायला लावत, भाजीवाल्याशी खुणांनी भांडत, आणि टंबलरमधून कॉफी उंच ओतायला शिकले. एका पहाटे मीही त्यांच्याबरोबर समुद्रावर गेलो. धुके इतके की लाटा नुसत्या ऐकू येत होत्या. आम्ही दोघे एका छत्रीखाली चाललो होतो, आणि काड्यांच्या टोकांवरून खरेच थेंब गळत होते. मी कित्येक दिवस मनात घोळवलेले बोलायला तोंड उघडले, "दादा, मला बदली मागता आली असती..."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "नाही मागितलीस ते बरं केलंस. पोरीला इथली हवा मानवते." आणि थोडे चालल्यावर, "छत्री नीट धर. माझा खांदा भिजतोय."

एवढेच. त्यांनी क्षमा केली असे म्हणणेही चूक ठरेल, कारण त्यांनी माझ्याकडे कधी काही येणे ठेवलेलेच नव्हते. ते मीच धरून बसलो होतो.

पाडव्यानंतर ते छाटणीला गेले. पुढच्या हिवाळ्यात येतो म्हणाले होते. तो हिवाळा त्यांना दिसला नाही. दिवाळीच्या आधीच ते गेले. मी पोचलो तेव्हा वेल मात्र हिरवेगार होते. तेव्हापासून मी कित्येकदा स्वतःला विचारले आहे, ज्या थंडीने इतक्यांचे नुकसान केले तिचे आभार मानायचा मला काय हक्क? उत्तर मिळालेले नाही. पण आभार मात्र थांबत नाहीत. ऋतू एकदा वाट चुकले, दोन्हीकडे एकाच वेळी चुकले, आणि त्या चुकीतून मला वडील एक महिना अधिक मिळाले. हिशेबाला न बसणारी अशी देणगी माणसाने मान खाली घालून घ्यावी, एवढेच मला सुचते.

दूध आत ठेवून मी फिरायला निघालो. आक्का आता थकल्या आहेत. दारातल्या खुर्चीत शाल घेऊन बसलेल्या असतात. माझी चाहूल लागताच त्यांनी डोळे किलकिले केले.

"डोई झाकून जावा हो! दहिवर पडतें!"

"होय आक्का," मी म्हणालो, "पनी फार आहे आज." आणि खुंटीवरची छत्री घ्यायला पुन्हा वर आलो.