मास्कातला खर्रा

ऐकाचं असन तं आधी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या टायमाले हा किस्सा सांगतला तं एकाच्या नाकातून चहा आला, अन् सारे मलेच बोलले! पण काय करू? आजवर माह्या अकलेचे असे धिंडवडे कोणी काढले नाही, जसे मी सोताच काढले.

झालं असं, का कोरोना पुन्हा आला म्हणून टीव्हीवर सुरू झालं. माही पोरगी वैशू नागपूरले राहाते, मिहानकडं फ्लॅट हाये, जवाई तेथीच कंपनीत. तिले दीड महिन्याचं पोरगं. माहा पयला नातू! अन् मी त्याले फक्त फोनमंधी पाहिलेला. काहून? घरी म्हैस हाये ना! दोघंही गेलो तं दूध कोण काढन? बायको महिनाभर राहून आली, आता माहा नंबर होता.

निघाच्या आदल्या दिवशी वैशूचा फोन.

"बाबा, पेशंट वाढून राहिले. एसटीत मास्क लावा. आले का आधी साबणानं हात धुवा."

माहं डोकंच सरकलं. "मी काय कोरोनाले भेतो काय वं? सापाले पायानं बाजूले सारणारा माणूस मी!"

"भ्या म्हणून कोण म्हणते? शांत राहा अन् काळजी घ्या, एवढंच. बाळ लहान हाये. अन् खर्रा सोडला ना? खर्रा खाणाऱ्याच्या मांडीवर मी बाळ देणार नाही, आधीच सांगते."

ज्यायले ठाव नाही त्यायच्यासाठी सांगतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोट-घोट घोटाचा अन् गालात धराचा. आमच्या इकडचा माणूस जेवण सोडन, खर्रा नाही सोडत.

मी म्हटलं, "सोडला! महिना झाला!"

चांगली मान वर करून म्हटलं. इमानदारीमुळं नाही. मान खाली केली असती तं तोंडातला सांडला असता.

मागून बायको ओरडली, "महिना? मंग मघाशी अंगणात कोण थुकलं, म्हशीनं?"

मी फोन कापला.

दुसऱ्या दिवशी उमरेडहून एसटीत बसलो. बायकोनं जुन्या धोतराचा पांढराफेक मास्क शिवून देला होता, तो लावला. मागच्या सीटवर एक जण शिंकला. उघड्या तोंडानं! मी असा तापलो का इचारू नका.

"अबे ओ! रुमाल नाही काय तुह्याजवळ? लोकायच्या घरी लहान लेकरं नाहीत काय?"

कंडक्टर म्हणे, "काका बरोबर बोलून राहिले." माही छाती अशी फुगली, का शर्टाची बटन तुटते का काय!

नागपूरले उतरलो. समोर पानठेला. मन म्हणे, एक शेवटचा. मास्क खाली केला, खर्रा गालात कोंबला, मास्क वर केला. ठेल्यावर आरसा होता, त्यात पाहिलं. काहीच दिसत नाही ना राजा! कालपर्यंत मी मास्कले शिव्या देत होतो. आता म्हटलं, एवढी कामाची वस्तू लोकायनं आधीच काहून नाही काढली?

इचार असा होता, का अर्धा घंटा चघळू, मस्त थुकू, चूळ भरू अन् मंग पोरीकडं जाऊ.

तेवढ्यात मागून आवाज. "मामाजी! चला, गाडी आणली."

जवाई! घ्याले आला होता. गाडीच्या काचा वर, एसी सुरू. थुकू कुठी? जवायाच्या सीटवर?

"प्रवास कसा झाला मामाजी?"

"हूं."

"म्हैस बरी हाये?"

"हूं."

"बोलून नाही राहिले तुम्ही आज?"

"हूं."

फ्लॅटच्या दारात इहीनबाई, म्हणजे जवायाची माय, सॅनिटायझरची बाटली घेऊन पहाऱ्यावर. शाळेत मास्तरीण होत्या, नजर अजून परीक्षा घेतल्यासारखी. अन् त्यायच्या मागून वैशू आली, बाळ घेऊन.

काय सांगू! एवढूसा जीव. काळंभोर जावळ. अन् मुठी आवळलेल्या, माह्यासारख्याच, भांडाले तयार. माहे हात आपोआप पुढं गेले.

"बाबा, बोला ना त्याच्यासंग!"

"हूं."

"आवाज काहून नाही निघत तुमचा?"

इहीनबाई दोन पावलं मागं सरकल्या. "घसा बसला वाटतं व्याहीबुवांचा. वैशाली, बाळाला घे मागं."

"चहा मांडू काय, बाबा?"

मी मान हालवली. नको.

वैशू पांढरी पडली अन् सासूले म्हणे, "बाबा चहाले नाही म्हणते? आजवर कधी नाही म्हटलं नाही! आई, त्यायची चव गेली वाटते!"

"अगं, डोळे बघ किती लाल! घाम बघ!"

घाम नाही येईन तं काय! तोंडात धरण भरून राहिलं होतं, दरवाजे बंद. मी दोन्ही हात एकमेकावर चोळून दाखवले, का हात धुवाले बाथरूममंधी जातो. इहीनबाई आडव्या आल्या. "आत नका जाऊ, सगळे वापरतात ते!" अन् माह्या हातावर अर्धी बाटली सॅनिटायझर ओतलं.

तिकडं जवायानं दवाखान्यात फोन लावला. "हो, सिरियस वाटून राहिले. बेड हाये काय?"

बेड! माह्या रागाचं तुमाले ठावच हाये. सारं इसरलो अन् बोंबललो, "अबे, मले काही नाही झालं!"

धरण फुटलं ना भाऊ. पांढराफेक मास्क नाकापासून हनुवटीपर्यंत लालेलाल.

इहीनबाई किंचाळल्या, "रक्त! रक्ताची उलटी!"

वैशूनं बाळ सासूच्या हातात देलं अन् धावली. ना मास्क, ना काही. मले गच्च धरलं. "बाबा, घाबरू नका, मी हाये ना! शांत राहा!"

आता तुमीच सांगा, काय कराचं? खरं सांगतलं तं नातू हातचा गेला. नाही सांगतलं तं कोरोना. पाच सेकंद इचार केला मी. अन् तुमच्याशी खोटं नाही बोलत, कोरोना निवडला. डोळे मिटले अन् जवायाच्या खांद्यावर मान टाकून देली.

बिल्डिंगच्या खालीच एका डॉक्टरीणबाईचा दवाखाना. बाई भल्या शांत. "सगळे आधी खाली बसा. घाबरून काही होत नाही. मास्क लावा, पंखा लावा, खिडकी उघडा." माह्या बोटाले चिमटा लावला. ऑक्सिजन बरोबर. ताप नाही. नाकात काडी घातली, मी कोंबड्यासारखा फडफडलो.

मंग तिनं हळूच माहा मास्क काढला. वास घेतला. माह्याकडं पाहिलं. नागपूरचीच बाई ते!

सहज बोलल्यासारखी म्हणे, "काका, सुपारी कच्ची ना?"

"छट! भाजकी!" मी म्हटलं.

निघून गेलं ना तोंडातून! खर्र्याच्या बाबतीत कोणी चुकीचं बोललं का माह्याच्यानं राहावत नाही.

वैशू डोळे पुसता पुसता थांबली.

पंधरा मिनिटानं डॉक्टरीण म्हणे, "कोरोना नाही. मास्क मात्र झकास हाये, काका. एवढ्या जोरानं बोंबलले म्हणता, पण समोरच्यावर एक शिंतोडा नाही उडाला. असाच लावत जा. फक्त रिकामा लावा."

इहीनबाईनं तोंडाले पदर लावला. हसत होत्या का रडत होत्या, देव जाणे.

वैशू मात्र नाही हसली. "कोरोना असता तं मी तुमची सेवा केली असती, बाबा. मी मरणाची भ्याली, अन् तुमी डोळे मिटून नाटक करून राहिले! पेशंट आठ दिवस येगळा राहाते. तुमी महिनाभर राहा. खर्रा खरंच सुटला का या."

एवढ्या मोठ्या तोंडाचा मी, पण तेव्हा शब्द नाही निघाला. तोंड तं रिकामं होतं तरी.

संध्याकाळची एसटी धरली. नशीब पाहा, कंडक्टर सकाळचाच!

"काय काका? मास्क कुठी गेला? सकाळी तं साऱ्या बसले शिकवून राहिले होते! तुमच्या घरी नाहीत काय लहान लेकरं?"

मी चूपचाप दुपट्टा तोंडाले बांधला अन् खिडकीतून बाहेर पाहात बसलो.

सुटला बरं! महिना लागला, त्यात बायकोसंग रोज भांडण, म्हशीसंग दोनदा. पण सुटला. महिन्यानं गेलो, अन् वैशूनं नातू माह्या मांडीवर देला. त्यानं माहं बोट असं धरलं, का दुपारभर मी बसल्या जागचा हाललो नाही.

आता कोरोना ओसरला, लोकायचे मास्क सुटले. माहा नाही सुटला. वैशूच्या दारात गेलो का इहीनबाई हात पुढं करते. "द्या व्याहीबुवा." मी मुकाट्यानं काढून देतो. साऱ्या दुनियेची टेस्ट नाकात काडी घालून होते. माही एकट्याची मास्क उलटा करून होते.