वाकलेल्या सागाची पेटी

काल आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये सुतारानं दारावर रंधा मारला आणि घरभर सागाच्या भुशाचा वास पसरला. त्या वासानं मी थेट देवगाव रंगारीच्या, सासरच्या अंगणात जाऊन पोचले.

तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेरून माझी बाजाची पेटी आली होती, पण तिचं लाकूड वाळवीनं खाल्लेलं. आतले सूर तेवढे शाबूत. सासरे सुतारकाम करायचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पावसात भिजून वाकलेली जुन्या दाराची फळी त्यांनी चुलीपासून उचलून आणली.

सासूबाई म्हणाल्या, "जळण हाय ते! वाकड्या फळीचं काय करता?"

"जुना साग हाय. सरळ व्हईल, घाई नाय करायची."

रोज सकाळी ते ओल्या गोणपाटावर फळी पालथी घालत, फुगीर पाठ उन्हाला. दुपारी तिच्यावरून हात फिरवून बघत. हळूहळू ती सपाट झाली आणि महिन्याभरात तिच्यातून, जुनेच सूर आत बसवून, नवी पेटी तयार झाली.

"वाजव, पोरी," अण्णा म्हणाले.

मी पदर सावरून बसले, पण सासऱ्यांसमोर बोटं उचलेनात. तसे अण्णा उठले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मला वाटलं, रागावलेच. घाबरत कसाबसा भूप वाजवला आणि आत पळाले.

आता मी स्वतः सासू आहे. सुनेला लाज वाटू नये म्हणून त्या माणसानं पाठ फिरवली होती, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.