ज्या खिडकीला पडदाच नव्हता

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी, साताऱ्यातल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये ब्लाइंड्स बसवायचं काम चालू होतं. हे लिहू की नको, असं बरेच दिवस मनात चाललं होतं... पण कुणाला तरी उपयोग होईल, म्हणून लिहिते.

नवरा आर्मीत, पोस्टिंग लांब. त्यामुळे कुठल्या खोलीला काय, हे मीच ठरवलं होतं. हॉलला एकाआड एक जाळीच्या आणि जाड पट्ट्यांचे झेब्रा ब्लाइंड्स, हवा तेवढाच उजेड आत घेता येतो. बेडरूम पश्चिमेची, दुपारी नुसती भट्टी, तिथे ऊन आत येऊच न देणारे ब्लॅकआउट. किचनला ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे... फोडणीचे डाग पुसता येतात.

राहिली आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची खोली. आबा कवठे महांकाळजवळच्या एका गावचे, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे असतात. "मला न्हाई पडदाबिडदा. उजेड पायजे मला," असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून ती खिडकी मी तशीच सोडली. लहानपणी बाभळीचा काटा लागून त्यांचा डावा डोळा अधू झालेला. सगळी भिस्त उजव्या डोळ्यावर.

हॉलमध्ये ड्रिलचा आवाज चालू होता. तेवढ्यात आतून आबांची हाक आली. "शुभा, ह्यो पडदा नीट सरकवला न्हाई बघ. उजव्या अंगाला तसाच राहिलाय."

मी आत गेले. आबा खिडकीसमोर खुर्चीत बसले होते. खिडकी सताड उघडी... आणि तिला पडदाच नव्हता. साधा रॉडसुद्धा नव्हता.

आधी वाटलं, चेष्टा करताहेत. "कुठला पडदा, आबा?" त्यांनी शांतपणे बोट दाखवलं. "ह्यो काय. काळा."

डोक्यात पहिलं आलं ते अर्धांगवायूचं. त्यांना दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं, आजचा वार विचारला. सगळं ठीक होतं. मग त्यांचा अधू डोळा झाकला आणि उजव्या बाजूला माझा हात हलवला. "दिसतोय का?"

"काय?" आबांनी विचारलं.

काम तिथंच थांबवलं, घर शेजारच्या काकूंवर सोपवलं आणि आबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी औषधाचे थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, डोळ्याचा पडदा सुटलाय. मधला भाग अजून जागेवर आहे, तोही सुटला तर नजर परत येईल याची खात्री नाही. मिरजेला सर्जन आहेत, आजच निघा. आणि गाडी सावकाश न्या, धक्के बसू देऊ नका.

आजच... आणि सावकाश. दोन्ही एकदम कसं जमवायचं?

नवऱ्याचा फोन लागेना. मी कराडच्या पुढे कधी स्वतः गाडी नेली नव्हती. ट्रक अंगावर आल्यासारखे वाटत होते, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मी गाडी जवळजवळ थांबवत होते. आबा शेजारच्या सीटवर मान ताठ ठेवून बसले होते.

उंब्रजच्या आसपास ते हळूच बोलले, "दोन-तीन दिस झालं, डोळ्यात वीज चमकल्यागत हुतंय."

"मग बोलला का नाहीत, आबा?"

"पोरगं तिकडं बॉर्डरला. तू हितं येकली. आनी कशाला घोर लावू?"

रडायचीही सोय नव्हती, समोरचा रस्ता स्वच्छ दिसायला हवा होता.

पेठ नाक्याला सांगलीकडे वळलो आणि आबा म्हणाले, "शुभा, मगाशी समोर बघताना चाकावरचा तुझा हात तरी कडंला दिसत हुता. आता त्यो बी दिसंना गं."

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तेवढ्यात त्यांचा हात चाचपडत आला आणि माझ्या कुर्त्याची बाही मुठीत धरली. सुनेला चहाचा कपसुद्धा हातात न देता टेबलावर ठेवायला सांगणारा माणूस... मिरजेपर्यंत त्यांनी ती बाही सोडली नाही. मी त्याच हाताने, त्यांच्या मुठीसकट, गिअर टाकत राहिले, पण त्यांना सोडा म्हणाले नाही.

मिरजेच्या सर्जननी तपासलं, मधला भाग अजून शाबूत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर बसून मी कुठल्या कुठल्या देवाला काय काय बोलले, आता आठवतही नाही. रात्री फोन लागल्यावर लगेच निघालेला नवरा पोचला तेव्हा आबा पट्टी बांधून, पडदा जागेवर चिकटून राहावा म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पालथे झोपले होते. "आलास व्हय रं?" एवढंच म्हणाले.

पुढचे दिवस तसेच, मान खाली घालून. पट्टी निघाल्यावरही आधी सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. मग हळूहळू माणसं ओळखू यायला लागली. उजवी कड थोडी अंधूक राहिली आहे, तेवढं चालायचंच, असं आबाच आम्हाला समजावतात. ऑपरेशननंतर ऊन डोळ्याला बोचायला लागलं, म्हणून त्यांच्या खोलीलाही आता मऊ उजेडाचा, फिका रोलर ब्लाइंड बसवलाय.

घरात कुणी वीज चमकल्यासारखं, सावली आल्यासारखं म्हणालं, तर "वयामुळे होतं" म्हणून सोडू नका. त्याच दिवशी दाखवा.

भीती मात्र माझ्यातून पूर्ण गेलेली नाही. रोज सकाळी मी आबांना गॅलरीत नेते आणि सहज विचारल्यासारखं विचारते, "अजिंक्यताऱ्यावर आज ढग आहेत का हो?" ते बोलेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.

मी का विचारते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी रोज नीट बघून सांगतात...