फिटरचा हात

गोदीच्या मागच्या गल्लीत फिटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, मधोमध पत्र्याचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेली कोपरं, गुडघे, मनगटं. नवखा माणूस आत शिरला की त्याला कळेना, आपण खाटकाकडे आलो की घड्याळजीकडे. फिटर दुरुस्त करायचा ते 'अर्धे'. अंगाचा काही भाग यंत्राचा झालेल्यांना तिथे सगळेच अर्धे म्हणत, तेही स्वतःला तसंच म्हणवून घेत, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

फिटर स्वतः अख्खा होता. पन्नाशीचा, टकल्या, तापट, आणि जिभेला हाड म्हणून नाही. "गुडघा वापरतोस की त्यानं खिळे ठोकतोस?" असं तो भल्याभल्यांना सुनावायचा, आणि लोक ऐकून घ्यायचे, कारण त्याच्या हातचा सांधा पाच-पाच वर्षं कुरकुरत नसे. पण जगाला बोलायला एवढा वाघ असलेला हा माणूस स्वतःच्या मनातलं बोलायची वेळ आली की त्याची दातखीळ बसे. त्याची मोठी बहीण खालच्या मजल्यावर राहायची. ती म्हणायची, "आमच्या धाकट्याला भूक लागली तरी तो म्हणतो, स्वयंपाकघरात वास छान येतोय."

त्याच्या आयुष्यात हमाल आला तो अपघातानंच. गोदीत क्रेनचा आकडा सुटला आणि एका हमालाचा डावा हात आणि डावी छाती घेऊन गेला. इस्पितळानं जागच्या जागी यंत्र बसवलं: चौदा किलोचा हात आणि हृदयाला हातभार लावणारा पंप. पुढची देखभाल फिटरच्या माथी आली. हमाल दर महिन्याला यायचा, टेबलावर आडवा व्हायचा आणि म्हणायचा, "नाकापेक्षा मोती जड झालाय, फिटर. मला हाताबरोबर फिरावं लागतं." फिटर हसायचा. दोन वर्षं हे चाललं. मग एक दिवस तपासणी झाल्यावरही हमाल उठला नाही आणि फिटरनंही त्याला ऊठ म्हटलं नाही. त्याच महिन्यात हमालाची पत्र्याची पेटी दुकानावरच्या दोन खोल्यांत आली.

ताई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी दोन डबे वर घेऊन आली आणि म्हणाली, "मला वहिनी हवी होती, देवानं मालवाहू गाडी पाठवली. असू दे. जेवतो तरी पोटभर." त्यानंतर तिचा जीव भावापेक्षा हमालावरच जास्त.

सात वर्षं झाली त्याला. आणि ह्या सात वर्षांतच ती चूक झाली, जी फिटरखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायचीच नाही.

छातीतल्या पंपाला ठोका शिकवावा लागतो. लहान मूल बोट धरून चालतं, तसा तो कुणाच्या तरी ठोक्याचा आधार धरतो. म्हणून फिटर लोकांकडे एक पेटी असते. ती छातीवर ठेवायची, चालू करायची, आणि फिटरनं दहा पावलं लांब जाऊन तासभर बसायचं. हात लावायचा नाही, अगदीच लावावा लागला तर जाड हातमोजा घालून. नाहीतर पंप पेटीऐवजी माणसाच्या नाडीलाच गुरू करतो. हे धंद्यातलं पहिलं अक्षर. फिटरनं शेकडो अर्ध्यांच्या बाबतीत ते पाळलं होतं. पण घरच्या माणसाला टेबलावर कशाला आडवं करायचं? हमालाची तपासणी सुट्टीच्या दिवशी सकाळी गादीवरच व्हायची. छातीवर पेटी, पेटीशेजारी फिटरचा उघडा हात, आणि दोघांच्या गप्पा. दहा पावलं तर त्या खोलीत मावतही नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ही चूक कधी कळलीही नसती, पण मध्ये पाहुण्यांचं काम आलं.

पाहुणे म्हणजे आकाशातून आलेले ते. आले तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि बारा वर्षं झाली तरी मुक्काम हलला नाही. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं ताई त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते गळ्यात अडकवलेल्या बोलक्या पेटीतून आभार मानायचे. अंगानं उंच, राखाडी, ओलसर; तासातासाला अंगावर पाणी फवारावं लागे. कान त्यांना नव्हते. ऐकायचं ते तळहातानं. भिंतीवर तळवा टेकला की पलीकडच्या खोलीत कोण बसलंय ते सांगत. त्यांचं मोठं गोदाम वर, आकाशात तरंगत होतं, आणि तिथे मालाची चढउतार करायला त्यांना अर्धे हवे असत. पाच वर्षांचा करार. तिथे वजन नाही. चौदा किलोचा हात तिथे पिसासारखा.

दोन वर्षांपूर्वी हमालाचं नाव निघालं, तेव्हा तो दुकानात नाचत आला होता. "फिटर, वर मी डाव्या कुशीवर झोपेन! जाऊ ना?"

फिटर हातातला सांधा पुसत राहिला. तो म्हणाला, "जा की. मला काय विचारतोस? अशी संधी पुन्हा येते होय?"

हमाल गेला आणि चौथ्या दिवशी स्ट्रेचरवर परत आला. वर पंप अडखळायला लागला होता, श्वास लागला होता. गोदीच्या दवाखान्यात तो काळानिळा पडलेला असताना फिटरनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि दहा मोजायच्या आत पंप सुतासारखा सरळ झाला. फिटरला त्याच क्षणी सगळं कळलं. एवढ्या वर्षांचा कारागीर तो, न कळायला काय झालं? त्या पंपाला आपल्या हाताखेरीज दोन-चार दिवसांपलीकडे चालताच येत नव्हतं. उपायही ठाऊक होता: दुसऱ्या फिटरकडे चाळीस दिवस पेटीवर ठेवायचं आणि आपण दहा पावलांच्या आत जायचं नाही. सरळ काम.

फिटर काहीच बोलला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता महिना गेला, आणि महिन्यानंतर सांगायला तोंडच उरलं नाही. गेल्या वर्षी हमाल पुन्हा गेला, पुन्हा तसाच परत आला. "माझ्या अंगातच खोट आहे," असं म्हणायला लागला. गोदीतले लोक चेष्टेनं त्याला 'परतीचा माल' म्हणू लागले. तो हसायचा, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. फिटर त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. आपण ह्या माणसाला आपल्याच हातानं जखडून ठेवलंय आणि त्याच हातानं त्याची समजूत घालतोय, हे फिटरला दिसत होतं. त्याला स्वतःची किळस यायची. तरी हमाल घरात आहे याचं सुख काही कमी होत नव्हतं, आणि त्या सुखाचीच जास्त किळस यायची.

तिसरी आणि शेवटची संधी ह्या वर्षी होती. त्याआधी पाहुण्यांचा तपासनीस दुकानात आला. हमाल टेबलावर आडवा झाला. तपासनिसानं त्याच्या छातीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. मग हमालाला जायला सांगून तो फिटरकडे वळला आणि विचारलंही नाही, सरळ त्याचं मनगट धरलं.

"त्यांच्या छातीत तुम्ही आहात," गळ्यातल्या पेटीतून आवाज आला.

फिटरनं हात सोडवून घेतला. "आम्ही एकत्र राहतो. सवयीनं होतं असं."

"सवयीनं झालं. तुम्हाला माहीत होतं. आत्ता तुमचा ठोका चोरासारखा पळाला." तपासनिसानं अंगावर पाणी फवारून घेतलं. "आमच्यात एखाद्याबद्दल काही कळलं तर ते त्याच दिवशी त्याला सांगतात. उद्यापर्यंत ठेवत नाहीत. सूर्य मावळायच्या आत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगतो."

"आणि तो मला सोडून गेला तर?"

"ते मला माहीत नाही," तपासनीस म्हणाला. "म्हणून मी ते सांगू शकत नाही."

फिटर भर दुपारी गोदीत गेला. हमाल खोक्यांच्या चळतीच्या सावलीत डबा खात बसला होता. फिटरला कामाच्या वेळी आलेला पाहून तो दचकलाच. "ताईला काही झालं?"

"ताई ठणठणीत आहे." फिटर समोरच्या खोक्यावर बसला आणि एका दमात सगळं बोलून गेला. आयुष्यात पहिल्यांदाच. गादी, उघडा हात, दवाखाना, चाळीस दिवसांचा उपाय.

हमालानं डब्याचं झाकण लावलं. "तुला कधी कळलं?"

"पहिल्यांदा परत आलास तेव्हाच."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"परतीचा माल म्हणायचे मला. तू शेजारी बसून ऐकायचास." हमाल उठला. त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर फिटरला बरं वाटलं असतं. "मी मरता मरता वाचलो रे दुसऱ्या खेपेला. तुला भीती नाही वाटली?"

"वाटली. तू जाशील ह्याची त्याहून जास्त वाटली."

हमाल डबा उचलून कामावर निघून गेला.

पलीकडच्या गल्लीत एक फिटरीण होती, फिटरशी धंद्यातली जुनी खुन्नस असलेली. हमाल त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेला आणि तिच्या रस्त्याकडच्या खोलीत चाळीस दिवस राहिला. तो आपल्याकडे आहे हे सांगायला फिटरीण आली ती दारातूनच म्हणाली, "तुमच्याकडून हे व्हावं? माझ्याकडच्या शिकाऊ पोरींनाही कळतं हो हे." एरवी फिटरनं तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या दिवशी तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." फिटरीण वरमली आणि गेली.

ताईला कळलं तेव्हा तिनं भावाच्या पाठीत खरोखरच धपाटा घातला. मग कट्ट्यावर बसून रडली. "माणूस असा ठेवतात होय रे, धाकट्या?" डबा मात्र ती रोज दोन ठिकाणी पोचवत राहिली. हमालाकडचा रिकामा यायचा, फिटरकडचा भरलेला.

फिटर रोज फिटरिणीच्या दुकानासमोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचा. रस्त्याची रुंदी दहा पावलांहून जास्त होती, म्हणून चालायचं. हमाल कधी खिडकीशी दिसायचा, कधी नाही. पहिले काही दिवस त्याला पांघरुणाखाली धापा टाकताना पाहून फिटर दोनदा उठून निम्म्या रस्त्यापर्यंत गेला आणि परत फिरला. वीस-बावीस दिवसांनी हमाल उभा राहून खोके उचलताना दिसला. पंप चालत होता, फिटरशिवाय. फिटरला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि आता तो त्यातलं काहीच स्वतःपासून लपवत नव्हता.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी हमाल दुकानात आला. खांद्यावर पिशवी होती. "तुझी सही लागते," तो म्हणाला. "जास्त वर्षं ज्यानं बघितलं, त्याचीच लागते. नियम आहे त्यांचा."

तपासणी फिटरनं नियमानं केली. छातीवर पेटी ठेवली आणि स्वतः दाराबाहेर, मोजून दहा पावलांवर, तासभर उभा राहिला. आत आला तेव्हा पेटीच्या काट्यावर एकही अडखळ नव्हती. कागदावर दोन चौकोन होते, पात्र आणि अपात्र. अपात्र लिहिलं असतं तर विचारणारं कुणी नव्हतं. त्याच्या सहीवर गोदीत कुणी शंका घेत नसे. फिटरनं 'पात्र'वर खूण केली, सही केली आणि कागद पुढे सरकवला.

हमालानं कागद दोनदा वाचला. "मला वाटलं होतं तू खोटं लिहिशील," तो म्हणाला. "तसं केलं असतंस तर तुला सोडणं सोपं गेलं असतं."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. वर जाणाऱ्या अर्ध्यांची गाडी कोपऱ्यावर उभी होती. हमालानं कागदाची घडी करून खिशात ठेवली, पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतली, आणि तो दारापर्यंत गेला तेव्हा फिटर बोलला.

"नको ना जाऊस. थांब."

हमाल थांबला. त्याचे डोळे भरून आले होते.

"हे दोन वर्षांपूर्वी म्हणायचं होतंस रे," तो म्हणाला. "मी विचारलं होतं तुला. थांबलो असतो."

भोंगा पुन्हा वाजला आणि तो गाडीकडे निघाला.