वाळवीची खुरपणी

निंगव्वाला सही करता येत नव्हती आणि मी बी.एस्सी. होतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझी फजिती वाचताना तुम्हाला पुरेसा आनंद होईल.

पंचाहत्तर सालची गोष्ट. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या गावात मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. निंगव्वा गुरप्पांच्या रानात तीस वर्षं खुरपायला जात होती. बाईला प्रश्न फार. "मास्तर, गांडुळाचं तोंड कुठल्या अंगाला ओ?" असं भर रस्त्यात विचारायची, आणि मी शाळेला उशीर झाल्याचं सोंग करून सटकायचो.

गुरप्पांच्या भुईमुगात, बांधालगत, पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. श्रावणात त्याच्या पायथ्याशी अळिंब्या फुटायच्या. आमच्याकडं लोक त्यांना कुत्र्याची छत्री म्हणून लाथ मारतात. निंगव्वाचं माहेर कानडी मुलखातलं. ती त्यांना 'अणबे' म्हणायची, ओटीत भरून न्यायची आणि तिखट-मीठ घालून परतायची. त्या रानातलं तेवढंच तिचं स्वतःचं होतं.

त्या वर्षी भुईमुगाची झाडं वाळायला लागली. गुरप्पांनी मला विचारलं आणि मी पुस्तकातलं ठोकून दिलं: वाळवी आहे, वारूळ खणा, पावडर टाका. गड्यानं एका अंगाला कुदळ घातली तर आतून तपकिरी, स्पंजासारखा गोळा निघाला. त्याच्यावर राजगिऱ्याएवढे पांढरे दाणे. "नागाची अंडी!" म्हणत गडी कुदळ टाकून पळाला. नागपंचमी दहा दिवसांवर होती. तोवर वारुळाला हात लावायचा नाही, पंचमी झाली की खणायचं, असं ठरलं.

संध्याकाळी निंगव्वा माझ्या दारात. "खणायचं तुमी सांगितलं व्हय?" अशी काही बघत होती की मी खुर्ची मागं सरकवली.

"वाळवी पीक खाते," मी म्हणालो.

"वाळका काडीकचरा नेती ती. मी रोज बगते की. त्याचाच त्यो गोळा करती, आन् गोळ्यातनं माजे अणबे वर येत्यात. देठ धरून उकरत खाली गेल्ते मी."

"ओल असली की बुरशी येतेच, निंगव्वा."

"माज्या भाकरीवर चार रंगाची येती. तितं एकच कशी?"

आता आली का पंचाईत! मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही म्हणायची जीभ मला नव्हती. "असतं तसं," म्हणून मी खेकसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

तिनं मग दोन बोळकी आणली. फुटलेल्या वारुळातला एक गोळा वाळवीसकट एकात ठेवला. दुसरा हलक्या हातानं झटकून, एकूण एक वाळवी काढून, दुसऱ्यात. दोन्हींवर ओलं गोणपाट. बोळकी माझ्याच पडवीत ठेवली, का तर मास्तर साक्षीला हवा. मी दिवसातून चार वेळा गोणपाट उचलून बघायचो, बायको हसायची.

सहाव्या दिवशी वाळवीचा गोळा होता तसाच होता, स्वच्छ, पांढऱ्या दाण्यांचा. बिनवाळवीच्या गोळ्यावर मात्र भलतीच बुरशी माजली होती, आणि तिला काळसर कोंब फुटले होते.

"अगं बाई गं!" निंगव्वानं तोंडावर हात ठेवला. "खुरपत्यात की ओ मास्तर! तण काडून टाकत्यात, आपलं पीक तेवडं ठेवत्यात!"

जन्मभर खुरपं चालवलेल्या बाईला जे दिसलं, ते मला कुठलं दिसायला!

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बोळकी घेऊन रानात गेलो. गडी पावडरीचा डबा घेऊन उभाच होता. माझा सल्ला चुकला, उपटून बघितल्या एकाही झाडाच्या मुळाला वाळवी नाही, असं मी गुरप्पांना चारचौघांत सांगितलं. निंगव्वानं बोळकी दाखवली. "मालक, शेती करत्यात ह्ये किडे. ह्यांचं पीक हाय ह्ये."

"माझ्या रानात? मला न विचारता?" गुरप्पा हसले. "उद्या कूळ लागायचं की गं!" कूळकायद्यात त्यांची बारा एकर जमीन कसणाऱ्या कुळांकडं गेली होती, त्यामुळं ते अर्धंच हसले. "रान कसलं म्हणून ते कसणाऱ्याचं होत न्हाय, निंगव्वा."

"मला ठावं हाय की, मालक. तीस वर्सं खुरपते मी हितं."

गुरप्पांचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ दे ते वारूळ," गड्याला एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून गेले.

वारूळ राहिलं. पण दुसऱ्या दिवशी निंगव्वाला खुरपायचा सांगावा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझं डोकं फिरलं. जाऊन चार शब्द सुनावतो म्हणून चपला घालत होतो, तेवढ्यात निंगव्वाच आली. डोळे सुजलेले होते, रडली असणार. "नगा जाऊ, मास्तर," म्हणत पायरीवर बसली आणि तिनं विचारलं, "वाळवीत राणी असती म्हणं?"

"असते. आत, खोल."

"ती खुरपती का ओ?"

"नाही," मी म्हणालो.

"वाटलंच मला," निंगव्वा म्हणाली.