चार वजनगटांत अपराजित

सातपूरच्या टपरीवर पहिली पाळी सुटली की ते दोघे चहाला येत आणि एका परदेशी बॉक्सरवरून भांडत. तो चार वजनगटांत जिंकला म्हणून थोर, की दरवेळी सोपे प्रतिस्पर्धी निवडले म्हणून लबाड, याचा निकाल काही लागत नसे. त्या दिवशी मात्र विषय वेगळा होता: त्यांतल्या जाड गृहस्थांचा दुसऱ्या दिवशी कंपनीत निरोप समारंभ होता आणि भाषण मित्राने करायचं होतं.

"माझ्याबद्दल बोल, चार गटांत अपराजित," ते म्हणाले.

"अरे, कॉलेजात एकदाच लढलास तू. तेही सगळ्यात हलक्या गटात."

"नंतर वजन वाढत गेलं. वरच्या तीन गटांत मला कोणी हरवलं का?"

"आत्ताच्या गटात निदान एक लढत तरी हवी. मी स्टेजवर खोटं बोलणार नाही."

गृहस्थांनी चष्मा काढून शेजारी बसलेल्या माझ्या हातात दिला आणि मुठी हनुवटीशी धरून ते उभे राहिले. मित्राने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

"माझी माघार," तो म्हणाला. "जिंकलास तू."

गृहस्थांनी उजवा हात माझ्यापुढे केला. सत्कारांना मी सहसा जात नाही, पण तो हात पंच म्हणून मलाच उंच करावा लागला.